तोंडावर सांगा

शोकसभेत प्राचार्यांनी देवपुजारी मॅडमना "शांत, संयमी आणि मृदुभाषी" म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेत बसलेले आम्ही त्यांचे जुने विद्यार्थी एकमेकांकडे पाहायला लागलो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, हे मला मान्य आहे. पण चांगलं म्हणजे खोटं नव्हे. मॅडम शांत नव्हत्या, संयमी तर मुळीच नव्हत्या, आणि त्यांचं मृदू बोलणं ऐकलेला माणूस अख्ख्या रायपुरात मला अजून भेटायचाय. ज्या कॉलेजनं त्या निवृत्त झाल्याबरोबर आंतरराष्ट्रीय कायद्याचा विषय आधी ऐच्छिक केला आणि मग शिकवायला कुणी नाही म्हणून बंदच करून टाकला, त्याच कॉलेजच्या स्टेजवर त्यांचा फोटो हार घालून ठेवला होता. फोटोतही कपाळाला आठी होती. त्या सभेत तेवढी एकच गोष्ट खरी होती.

म्हणून हे लिहितोय. रागानं लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. राग बाजूला ठेवून त्यांच्याबद्दल लिहिलेलं त्यांना आवडलंही नसतं.

शैला देवपुजारी. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि तिच्यावर शाईचा एखादा डाग ठरलेला. घराणं भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपुराहून इकडे आलेलं, तेव्हापासून इथलंच. लग्न केलं नाही. काहून केलं नाही असं विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. वर्गात कायदा इंग्रजीत सांगायच्या, समजावून हिंदीत द्यायच्या आणि आम्हा मराठी पोरांवर संतापल्या की थेट आजोळच्या वऱ्हाडीवर यायच्या. पोरं त्यांना पाठीमागे 'युनो' म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं. "नाव चांगलं ठेवलं," त्या म्हणायच्या, "पण तिच्यासारखी मी नुसतीच चिंता व्यक्त करत नाही, हे ध्यानात ठेवा."

पहिल्याच तासाला त्या प्रत्येकाला एक देश वाटून द्यायच्या. वर्षभर तुम्ही तो देश. हजेरीही देशाच्या नावानं. अमेरिका सगळ्यांनाच हवी असायची, आणि अमेरिका त्या न चुकता वर्गातल्या सगळ्यात भित्र्या मुलीला द्यायच्या. आमच्या वर्षी ती बेमेतरा गावाहून आलेल्या एका मुलीला मिळाली. ती "प्रेझेंट मॅडम" म्हणतानाही खाली पाहायची. मी डब्ल्यूआरएस कॉलनीतला, रेल्वेतल्या कारकुनाचा मुलगा. मला बोलिव्हिया आला. बोलिव्हिया कुठे आहे हे मला माहीत नव्हतं.

"याच्यापाशी समुद्र होता," मॅडम म्हणाल्या, "लढाईत गेला. आपल्या छत्तीसगडलेही समुद्र नाही. तुले जमेल."

त्यानंतर मी त्यांच्यासाठी कायमचा बोलिव्हिया झालो. वकील झालो, लग्न झालं, केस पांढरे झाले, तरी गोल बाजारात भाजीच्या ढिगापलीकडून हाक यायची, "ए बोलिव्हिया, भेंडी पाहून घे, जून देऊन राहिला तो." माझ्या बायकोला सुरुवातीला वाटायचं की हे माझं लहानपणीचं चिडवायचं नाव आहे.

देश वाटले की एकच नियम सांगायच्या. दुसऱ्या देशाची मागणी फेटाळायची असेल तर बसल्या जागेवरून हात वर करून चालणार नाही. उठायचं, त्या देशाच्या बाकापर्यंत चालत जायचं, त्याच्याकडे पाहायचं आणि 'नाही' म्हणायचं. "तोंडावर सांगा" हा त्यांचा शब्द. एकदा मीच म्हटलं होतं की मॅडम, खऱ्या जगात असं नसतं. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूनच खऱ्या जगाची ही दशा आहे, बैस खाली."

मे महिन्यातली गोष्ट. रायपुरातला मे म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. वर्गात एकच कूलर, तोही पहिल्या बाकाच्या खिडकीत. त्या बाकावर भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा मुलगा बसायचा, वर्षभराचा फ्रान्स. त्यानं कूलरच्या झडपा स्वतःकडे वळवून घेतल्या. मागच्या बाकावर बांगलादेश झालेली मुलगी बसायची, तिच्यापर्यंत हवेची झुळूकही पोचेना. तिनं तक्रार केली. फ्रान्स उठून म्हणाला की कूलर माझ्या हद्दीत आहे, मी सार्वभौम आहे, झडपा कुठं वळवायच्या हे मी ठरवणार. आम्हाला वाटलं आता याचं काही खरं नाही. पण मॅडम म्हणाल्या, "बरोबर. तुझ्या हद्दीत आहे, सार्वभौम आहेस तू. आता जा आणि तिले सांग."

तो ऐटीत निघाला. शेवटच्या बाकापाशी पोचेपर्यंत ऐट उरली नाही. त्या मुलीचा चेहरा उकाड्यानं लालबुंद झालेला, ओढणी घामानं चिंब. तो तिच्यासमोर थोडा वेळ उभा राहिला, काही न बोलता परत आला आणि त्यानं झडपा फिरवल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आणि मॅडम भडकल्या. फ्रान्सवर नाही, आमच्यावर. "टाळ्या कायच्या वाजवून राहिले? तो लाजला म्हणून फिरवल्या त्यानं. उद्या नाही लाजला तर? तुमची हवा काय त्याच्या लाजेवर अवलंबून ठेवता? वह्या काढा." मग उरलेला तास आम्ही कूलरचा करार लिहिला. कोणाकडे किती वेळ, वीज गेली तर काय, पाणी कोण भरणार, भांडण झालं तर कोण ऐकणार. तो करार परीक्षा संपेपर्यंत पाळला गेला. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला पूर्णपणे पाळला गेलेला आंतरराष्ट्रीय करार तोच.

समुद्राचा कायदा त्या तेलीबांध्याच्या तलावावर शिकवायच्या. तेव्हा तिथं आजच्यासारखे दिवे, चौपाटी, सेल्फीवाले नव्हते. नुसता घाट होता आणि कपडे धुणाऱ्या बाया होत्या. सुटीच्या सकाळी आम्हाला घाटावर उभं करून मॅडम हातात दोर द्यायच्या. एकानं दोराचं टोक धरून गुडघाभर पाण्यात जायचं. इथवर तुझं राज्य पूर्ण. पुढे जा, कमरेपर्यंत. इथं मासे तुझे, पण जाणाऱ्याची वाट अडवायची नाही. आणि त्याच्या पलीकडे, जिथं दोर संपतो तिथं?

"कोणाचंच नाही," आम्ही ओरडायचो.

"चूक. सगळ्यांचं. कोणाचंच नाही आणि सगळ्यांचं, यातला फरक ज्याले कळला तो पास."

घाटावरच्या बाया हसायच्या. एकीनं तर तलाव कोण विकत घेतंय असं विचारलं होतं. प्राचार्यांनी मात्र नंतर बोलावून घेतलं. आपल्याकडे समुद्र नाही, परीक्षेत त्यावर प्रश्नही फारसा येत नाही, तर हे प्रकरण सोडून द्या असा सल्ला दिला. मॅडमनी स्टाफरूममध्ये येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ज्याच्या घरी विहीर नाही त्यालाच पाण्याचा कायदा माहीत असायला पाहिजे, विहीरवाल्याला काय गरज आहे. त्या वर्षी समुद्राला त्यांनी दुप्पट तास दिले.

घरीही हेच. चौबे कॉलनीत पहिल्या मजल्यावर राहायच्या. कॉलनीतल्या मराठी मंडळात दोन गट होते, अजूनही आहेत. भोसल्यांच्या काळापासूनचे ते जुने, आणि रेल्वे-सरकारी नोकऱ्यांमुळे विदर्भातून आलेले ते नवे. जुन्यांना नव्यांची मराठी रांगडी वाटते, नव्यांना जुन्यांची मराठी म्हणजे हिंदीच वाटते. गणपतीच्या कार्यकारिणीत दर वर्षी यावरून जुंपते. एकदा एक जुने गृहस्थ तावातावानं "हे बाहेरचे लोक" असं काही बोलून गेले. मॅडम स्वतः जुन्यांपैकी. त्या उठून म्हणाल्या, "आपले पूर्वज तलवार घेऊन आले होते, यांचे वडील ट्रान्सफर ऑर्डर घेऊन आले. छत्तीसगढ़िया माणसानं दोघांचाही व्हिसा पाहिला नाही. आता पुढचा विषय घ्या." पुढची काही वर्षं त्यांना कार्यकारिणीत घेतलं नाही.

वर्तमानपत्रात 'हा त्या देशाचा अंतर्गत प्रश्न आहे' असं वाचलं की त्या संपादकाला फोन करायच्या. शेजारच्या घरात नवरा बायकोला मारतो आणि आपण म्हणतो त्यांचा घरगुती मामला आहे, तेच हे, असं त्यांचं म्हणणं. संपादक फोन उचलायचे बंद झाले. मग त्या चालत जायच्या, गुडघे दुखत असले तरी. नियम त्यांना स्वतःलाही लागू होता.

आता खेमूची गोष्ट. हिच्यासाठीच मी लिहायला बसलो.

दुलारीबाई साहू माझ्या तेलीबांध्याच्या ऑफिसात आली ती 'केस लावा' म्हणून. राहणारी भनपुरीची. मुलगा खेमलाल तिथल्याच एका रोलिंग मिलमध्ये वेल्डर होता. एका एजंटानं त्याला जहाजावर फिटरचं काम मिळवून दिलं. जन्मात समुद्र न पाहिलेला पोरगा, सुरुवातीला डेकवरचे हसरे फोटो पाठवायचा. मग पगार थांबला. मग मालकानं फोन उचलणं थांबवलं. आखातातल्या एका बंदराबाहेर जहाज नांगर टाकून उभं राहिलं ते राहिलंच. जो तो आपापल्या सोयीनं सुटून गेला आणि शेवटी जहाजावर दोघंच उरले, खेमू आणि स्वयंपाकी इद्रिस. या दोघांना सोडेनात, कारण जहाज रिकामं ठेवता येत नाही असा बंदराचा नियम. म्हणजे लोखंडाची काळजी घ्यायला माणसं, आणि माणसांची काळजी घ्यायला कुणी नाही.

केस कुणावर लावू? मालक एका देशात, तोही गायब. जहाजावर झेंडा दुसऱ्याच एका चिमुकल्या बेटाचा. जहाज ना त्या बेटावर बांधलेलं, ना कधी तिथं गेलेलं. बेटानं फी घेतली आणि झेंडा दिला. उभं तिसऱ्याच्या पाण्यात. आणि खेमू आपला. कायद्याची पदवी, वीस-बावीस वर्षांची वकिली, आणि त्या बाईला सांगायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. मी तिला गाडीत घातलं आणि चौबे कॉलनीत मॅडमकडे नेलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. पहिला प्रश्न कायद्याचा नव्हता. खेमू जेवतो काय, हा होता.

"बासी खाथे, मैडम," दुलारीबाई म्हणाली.

बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवून सकाळी मीठ-कांद्याबरोबर खायचा, छत्तीसगडच्या घराघरातली न्याहारी. जहाजावर इंधन संपत आलं होतं, चूल दिवसातून एकदाच पेटवता यायची. तेव्हा खेमूनं इद्रिसला बासी शिकवली होती. एकदा शिजवायचं, दोनदा खायचं. नाविकांसाठी काम करणारी एक संस्था बंदरातून बोटीनं तांदूळ, पाणी आणि चार्ज केलेली बॅटरी आणून द्यायची, तेवढ्यावर फोन चालायचा. इद्रिसला खेमूची भाषा येत नव्हती, खेमूला त्याची. फोनवर मागून त्याचा आवाज यायचा. खेमू आईला 'दाई' म्हणतो हे ऐकून तोही लांबून "दाई" म्हणून हात हलवायचा. मॅडम हे ऐकत होत्या आणि चष्मा पुसत होत्या. मग फोन हातात घेतला.

पुढचे काही आठवडे मी जे ऐकलं त्यानं माझं रक्त आजही उकळतं. बेटाच्या झेंड्याचं काम पाहणारं ऑफिस बेटावर नव्हतंच, भलत्याच एका शहरात होतं. तिथली बाई गोड इंग्रजीत म्हणाली की आमच्या नोंदीत मालकाचा पत्ता आहे, तुम्ही तिकडे लिहा. बंदराचं म्हणणं असं की आमच्या जमिनीवर कुणी पाय ठेवायचा हे ठरवण्याचा आम्हाला सार्वभौम अधिकार आहे. आमच्या वकिलातीचं म्हणणं असं की दुसऱ्या सार्वभौम देशाच्या नियमांत आम्हाला ढवळाढवळ करता येत नाही. सगळ्यांचं बरोबर होतं. सगळ्यांची हद्द साफ होती, आणि सगळ्या हद्दींच्या मधोमध दोन माणसं समुद्राचं पाणी बादलीनं ओढून आंघोळ करत होती. सार्वभौमत्व हा शब्द मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिला होता. त्याचा अर्थ 'मला विचारू नका' असा असतो, हे मला तेव्हा कळलं.

मॅडमनी दिल्लीला अमेरिकेला फोन लावला. म्हणजे बेमेतऱ्याच्या त्या भित्र्या मुलीला. ती आता एका मंत्रालयात बऱ्यापैकी वरच्या जागेवर आहे. "मॅडम, प्रोसीजर आहे," असं ती म्हणाली. मॅडमनी विचारलं, हे तू त्याच्या आईला सांगशील काय? मग तिनं वकिलातीत हे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याशी व्हिडिओवर बोलायची वेळ मिळवून दिली. अमेरिका कामाला आली ती अशी.

दुपारची वेळ. मॅडमच्या पुढच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप, समोर दुलारीबाई, बाजूला मी. पडद्यावर एक तरुण, टाय लावलेला, चेहऱ्यावरून आपल्याच मुलांसारखा. मॅडमनी त्याला हिंदीत सांगितलं की जे मला ईमेलवर कळवलंत ते यांना सांगा, या त्याच्या आई. तो सुरू झाला. होस्ट कंट्री, प्रोटोकॉल, मिनिमम मॅनिंग. दुलारीबाईनं त्याचं बोलणं संपू दिलं.

"मैं तोर बोली नइ समझंव बेटा," ती म्हणाली. "मोर खेमू आही के नइ आही, एतके बता."

मुलगा येईल की नाही, एवढंच तिला हवं होतं. पोरानं चष्मा काढला, पुन्हा घातला. कागद बाजूला सरकवले.

"मैं खुद जाकर देखता हूं, अम्मा," शेवटी तो म्हणाला.

आणि तो गेला, बोटीनं, स्वतः. त्यानं काय केलं, कुणाचे पाय धरले, ते मला माहीत नाही. बंदरानं खेमूच्या जागी स्वतःचा एक पहारेकरी बसवायचं कबूल केलं आणि खेमू सुटला. इतके दिवस जे कायद्यात बसत नव्हतं ते एका माणसाच्या बोटीच्या फेरीनं बसलं. रायपूरच्या विमानतळावर त्याला घ्यायला मी दुलारीबाईबरोबर गेलो होतो. पोरगा अर्धा झाला होता. आईनं त्याच्या दंडाला हात लावून पाहिला आणि तसाच धरून ठेवला, गाडीत बसेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी पुडा उघडलाही नाही.

"हे कायचं गोड?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मॅडम, खेमू आला की.

"खेमू आला. कायदा कुठं आला? तो पोट्टा लाजला म्हणून आला खेमू. चांगल्या आईबापाचा होता, लाजला. त्या खुर्चीवर उद्या निलाजरा बसला तर? मी जन्मभर काय शिकवलं तुम्हाले? लाजेवर चालते तो कायदा नाही, बोलिव्हिया. ते नशीब आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि तो दुसरा? त्याले कोण लाजणार आहे?"

दुसरा म्हणजे इद्रिस. तो आफ्रिकेतल्या ज्या देशाचा, तिथं दोन सरकारं होती आणि दोन्ही स्वतःला खरं म्हणवत होती. त्याच्या पासपोर्टची मुदत जहाजावरच संपली होती. तो नवा कुणी द्यायचा यावर दोन्ही सरकारं एकमेकांकडे बोट दाखवत होती, आणि पासपोर्टशिवाय कुठलाच देश त्याला उतरू देत नव्हता. खेमूसाठी निदान 'नाही' म्हणणारं एक सरकार होतं. इद्रिससाठी तेही नव्हतं. मॅडम शिकवायच्या तो फरक मला त्या दिवशी पुन्हा आठवला. इद्रिस सगळ्यांचा नव्हता, तो कुणाचाच नव्हता. त्या रोज त्याच्यासाठी मेल लिहीत होत्या, जगभर. उत्तरं यायची, सभ्य भाषेत, चिंता व्यक्त करणारी.

इकडे शहरात जल्लोष. वर्तमानपत्रांत फोटो, आणि ज्यांनी बोटही हलवलं नव्हतं त्यांचे आभार. मंडळाला एकदम आठवण झाली की देवपुजारी मॅडम आपल्या आहेत. जुने म्हणाले आमच्या, नवे म्हणाले आपल्या. सत्कार ठरला. मॅडम नाहीच म्हणत होत्या, मग अचानक हो म्हणाल्या आणि एकच अट घातली, खेमू आणि त्याची आई पहिल्या रांगेत हवीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

हॉल भरलेला. शाल, श्रीफळ, मानपत्र. पाहुणे म्हणून एक पुढारी आले होते, त्यांनी हिंदीत जोरदार भाषण केलं. आपला देश आता कुणाची दादागिरी सहन करत नाही, आपण आपल्या माणसाला कुठंही सोडत नाही, वगैरे. टाळ्या पडल्या. मी त्या बंदराबाहेरच्या बादल्या आठवत बसलो होतो आणि माझे हात उचलले गेले नाहीत.

मॅडम बोलायला उठल्या. भाषण केलंच नाही. खेमूला वर बोलावलं आणि इद्रिसला फोन लावायला सांगितला. रविवार होता, संस्थेची बोट त्या दिवशी बॅटरी देऊन जायची. फोन लागला. मॅडमनी तो माईकसमोर धरला आणि पडदा लोकांकडे केला. मागच्यांना नीट दिसत नव्हतं, पहिल्या चार-पाच रांगांना दिसत होतं. काळा, दाढी वाढलेला, पंचविशीतला एक मुलगा. त्याला दिव्यांनी उजळलेला हॉल दिसला, फुलं दिसली, मांडी घातलेली मुलं दिसली. त्याला वाटलं काही सण आहे. तो हसून हात हलवायला लागला.

"हा इद्रिस," मॅडम म्हणाल्या. "खेमूबरोबरचा. याले घ्यायले कोणी येऊन नाही राहिलं. पाहुणे म्हणाले, आपण आपल्या माणसाले सोडत नाही. म्हणजे हा आपला नाही. ठीक आहे. ज्याले असं म्हणायचं असेल त्यानं इथं वर यावं आणि याच्या तोंडावर सांगावं."

पाहुण्यांनी घड्याळात पाहिलं. समोर बसलेल्या जुन्यांनी नव्यांकडे पाहिलं, नव्यांनी जुन्यांकडे. पहिल्यांदाच दोन्ही गटांचं एकमत झालं होतं. कुणी उठलं नाही. तो मुलगा हसतच होता, हात हलवतच होता, आणि आमच्यातल्या एकानंही उलट हात हलवला नाही. आम्ही एवढे कसे गोठलो होतो, याचा मला आजही संताप येतो. मग सूत्रसंचालकानं दुसरा माईक घेतला आणि सांगितलं की अल्पोपाहाराची व्यवस्था मागच्या बाजूला केली आहे, वडे गार होतील, सर्वांनी लाभ घ्यावा. खुर्च्या सरकल्या. माणसं सुटका झाल्यासारखी उठली. बाहेर पडताना एक गृहस्थ माझ्या कानाशी म्हणाले, "बाई हुशार आहेत हो, पण प्रसंग पाहायला पाहिजे."

मॅडम सत्कारानंतर त्याच उन्हाळ्यात गेल्या. इद्रिस अजून त्या जहाजावरच आहे. शोकसभेनंतर अमेरिकेनं दिल्लीहून फोन केला होता. मॅडमचे मेल आता ती पुढे चालवते आहे, स्वतःच्या नावानं. मीही लिहितो. उत्तरं येतात, सभ्य भाषेत.

मला त्या दिसतात त्या हॉलमधल्याच. लोक मागे वड्यांपाशी गेले होते, बशांचे आवाज येत होते. स्टेजवर त्या एकट्याच खुर्चीत बसल्या होत्या, गुडघ्यांवरून हात फिरवत, अंगावरची शाल एका खांद्यावरून घसरलेली. फोन तसाच हातात, चालू. इतकी वर्षं मी त्यांना चिडलेलं पाहिलं होतं. थकलेलं त्या दिवशी पाहिलं. इद्रिस आता हसत नव्हता. लोक कुठं गेले ते त्याला कळत नव्हतं.

दुलारीबाई पायऱ्या चढून वर आली. तिनं मॅडमच्या हातातून फोन घेतला आणि त्यांच्या पायाशी स्टेजवरच बसली. पडदा अगदी तोंडाजवळ धरला.

"का खाए हस, बेटा?" तिनं विचारलं.

पलीकडे नुसता वारा.

"बासी, दाई," इद्रिस म्हणाला.

"नून डारे हस?"

मीठ घातलंस का, असं ती विचारत होती. त्याला कळलं की नाही कोण जाणे. पण त्यानं मान डोलावली आणि खेमूनं शिकवलेला होकाराचा शब्द म्हटला.

"हव."

मॅडमनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. घसरलेली शाल त्यांनी अंगावरून काढली, खाली वाकून दुलारीबाईच्या खांद्यांवर घातली, आणि तिचं बोलणं होईपर्यंत तशाच बसून राहिल्या.